विजेरीच्या उजेडात तपकिरी रंग करडा दिसतो: पाहायचे काय, केल्विन की सीआरआय?

शिवारपाणी यांचा प्रश्न

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात शेतीपंपाची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की मोटार चालू करायला आणि उसाला दारे धरायला मध्यरात्रीनंतर शिवारात जावेच लागते, आणि तेव्हा हातातल्या विजेरीवरच सगळी भिस्त असते. आम्ही तिला बॅटरीच म्हणतो, म्हणून पुढे तसेच लिहितो. गेल्या वर्षी आठवडी बाजारातून चार्जिंगची एक एलईडी बॅटरी घेतली. उजेड भरपूर आहे, पन्नास-साठ पावलांवरचा बांध लख्ख दिसतो, पण त्या उजेडात दिसलेल्या रंगांचे काही खरे नाही.

पहिला प्रसंग सापाचा. पावसाळ्याच्या तोंडावर मोटारीच्या पेटीखाली हातभर लांबीचा, अंगावर आडवे पट्टे असलेला साप दिसला. माझ्या बॅटरीत अंग काळपट करडे आणि पट्टे पांढरे दिसत होते, म्हणून मण्यार समजून मी मागे सरलो. तेवढ्यात शेजारच्या वावरातून चुलतभाऊ आला. तो डोक्याला पट्ट्याचा दिवा लावतो आणि त्या दिव्याचा उजेड किंचित पिवळसर आहे. त्या उजेडात तोच साप सरळ सरळ तपकिरी आणि पट्टे फिकट पिवळे दिसले. भावाने तो कवड्या असल्याचे सांगितले, आणि सकाळी गावातल्या सर्पमित्राने फोटो पाहून तेच सांगितले. दुसरा प्रसंग साधाच आहे. स्टार्टरच्या पेटीतली लाल वायर आणि मातीने मळलेली तपकिरी वायर माझ्या बॅटरीत वेगळ्या ओळखू येईनात, म्हणून दुरुस्ती अर्धी टाकून उजाडायची वाट पाहावी लागली.

भावाच्या दिव्याच्या डब्यावर ४००० केल्विन आणि सीआरआय ९० असे छापलेले आहे. माझ्या डब्यावर ६५०० केल्विन आणि उजेडाचे माप म्हणून १०,००० ल्युमेन एवढेच आहे. रंग ओळखू येण्यासाठी या आकड्यांतला नेमका कोणता पाहायचा? उजेड पिवळसर असला की पुरते काय? तसे असेल तर वडिलांची तीन सेलची बल्बवाली जुनी बॅटरी अजून माळ्यावर आहे आणि तिचा उजेड भावाच्या दिव्यापेक्षाही पिवळा आहे. मग तीच खाली काढतो.

डायोड यांचा प्रतिसाद

माळ्यावरची बॅटरी तूर्त माळ्यावरच राहू द्यावी, असे मी म्हणेन. उजेडाची छटा आणि त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधला की माणूस फसतो.

केल्विनचा आकडा फक्त छटा सांगतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापू लागले की ते आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होते, हे आपण पाहिलेले असते. आणखी तापवता आले असते तर ते पांढरे आणि शेवटी निळसर झाले असते. दिव्याची छटा ज्या तापमानाच्या तप्त वस्तूशी जुळते, तो आकडा म्हणजे त्या दिव्याचे रंगतापमान. मेणबत्तीचे ते साधारण १९००, घरातल्या जुन्या तारेच्या बल्बचे २७००, भर दुपारच्या उन्हाचे ५५०० आणि ढगाळ आभाळाचे ६५०० केल्विनच्या आसपास असते. व्यवहारात मात्र कमी केल्विनला उबदार आणि जास्त केल्विनला थंड म्हणण्याची उलटी रीत पडली आहे.

आता आपल्या बॅटरीत काय घडते ते पाहू. बॅटरी बंद करून काचेतून आत नीट पाहिले तर एलईडीवर एक पिवळा चौकोन दिसेल. मूळचा पांढरा उजेड देणारी चकती अस्तित्वातच नाही. आतली चकती ४५० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेला गडद निळा उजेड देते आणि तिच्यावरचा तो पिवळा लेप, म्हणजे फॉस्फर, त्यातला काही निळा उजेड शोषून पिवळा उजेड बाहेर टाकतो. लेपातून निसटलेला निळा आणि लेपाने दिलेला पिवळा मिळून डोळ्याला पांढरे वाटते. ज्या निळ्या एलईडीवर हे सगळे उभे आहे, तिच्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. लेप पातळ ठेवला की निळा जास्त निसटतो आणि उजेड ६५०० केल्विनकडे झुकतो. अशा उजेडाचा वर्णपट काढला तर निळ्यात एक उंच सुळका, ४८० नॅनोमीटरपाशी खोल खळगा, मग हिरव्या-पिवळ्याचा रुंद डोंगर, आणि ६२० च्या पुढे, म्हणजे लालात, उतार लागलेला दिसतो.

आपला साप तिथेच करडा झाला. तपकिरी रंग म्हणजे खरे तर मंद नारिंगी-लाल. कवड्याच्या अंगावरून प्रामुख्याने लांब तरंगलांबीचा उजेड परततो, पण जो लाल उजेड बॅटरीने पाठवलाच नाही तो परतणार कुठून? उरते ती नुसती काळपट छटा. लाल वायरीचेही तेच झाले.

रंग किती खरे दिसतात हे मोजण्यासाठी सीआरआय (कलर रेंडरिंग इंडेक्स) हा आकडा आहे. ठरावीक आठ रंगांचे नमुने एकदा त्या दिव्यात आणि एकदा त्याच रंगतापमानाच्या आदर्श उजेडात कसे दिसतील ते गणिताने काढतात आणि दोहोंतल्या फरकावरून १०० पैकी गुण देतात. आदर्श उजेड म्हणून ५००० केल्विनच्या खाली तप्त वस्तूचा आणि त्यावर दिवसाचा उजेड धरतात. त्यामुळे २७०० केल्विनच्या तारेच्या बल्बलाही जवळजवळ १०० गुण मिळतात आणि दुपारच्या उन्हालाही. बाजारातल्या साध्या थंड पांढऱ्या एलईडीला ७० च्या आसपास मिळतात.

यात एक पळवाट आहे. ते आठही नमुने फिकट रंगांचे आहेत, गडद लाल त्यांत नाही. तो नववा नमुना आहे, त्याचे गुण आर ९ या नावाने वेगळे देतात आणि ते सरासरीत धरत नाहीत. म्हणून सीआरआय ८० असलेल्या दिव्याचा आर ९ शून्याच्या आसपास असू शकतो, आणि ७० वाल्याचा तर शून्याच्या खालीही जातो. सापाचा तपकिरी, वायरीचा लाल, जखमेतले रक्त, हाताच्या तळव्याची लाली, हे सगळे आर ९ च्या मुलखातले रंग आहेत. विक्रेत्याने हा आकडा दिलेला असेल तर मी सीआरआयच्याही आधी तोच पाहतो.

उजेड पिवळसर असणे पुरेसे का नाही, याचे उदाहरण आपण सर्वांनी पाहिलेले आहे. रस्त्यांवर पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे असत. त्यांचे रंगतापमान साधारण २००० केल्विन, म्हणजे बल्बपेक्षाही उबदार, पण सीआरआय जेमतेम २०-२५. त्या उजेडात लाल एसटी मातकट दिसे आणि निळी गाडी काळी.

रानवाट यांचा प्रतिसाद

मी बरीच वर्षे साप पकडून रानात सोडण्याचे काम करतो, त्यामुळे वरच्या माहितीत एका बाबीची भर घालतो, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिवारपाणी यांच्या बॅटरीने केलेली चूक त्यातल्या त्यात बरी होती, कारण तिने बिनविषारी साप विषारी दाखवला आणि ते मागे सरले. माळ्यावरची जुनी बॅटरी याच्या उलट चूक करू शकते. सेल उतरत आले की बल्बची तार पुरेशी तापत नाही आणि उजेड तांबूस पिवळा होतो. त्यात निळा अंश जवळजवळ नसतोच. मण्यारीचे अंग निळसर झाक असलेले, तुकतुकीत काळे असते. त्या उजेडात निळी झाक पूर्ण जाते, काळ्यावर तांबूस तकाकी येते आणि दुधासारखे पांढरे पट्टे पिवळट दिसतात. म्हणजे मण्यार कवड्यासारखी दिसू लागते. सीआरआय १०० असूनही बल्बच्या उजेडात काळा आणि गडद निळा वेगळा करता येत नाही, याचा अनुभव पूर्वी लग्नघरात अंधारातून मोजे शोधणाऱ्या प्रत्येकाला असेल.

म्हणून केवळ रंगावरून साप ओळखू नये. पट्टे कुठून सुरू होतात ते पाहावे. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे याच्या उलट असते: डोक्यामागचा काही भाग बिनपट्ट्याचा किंवा पुसट ठिपक्यांचा आणि शेपटीकडे पट्टे स्पष्ट, पुष्कळदा जोडीजोडीने. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध षटकोनी आकाराच्या मोठ्या खवल्यांची एक ओळ असते, पण ती दिसेल इतक्या जवळ कोणी जाऊ नये. कात टाकण्याआधी कोणताही साप मळकट, निळसर करडा दिसतो, तेव्हा रंग तर अजिबात उपयोगाचा नसतो. शंका राहिली तर मण्यारच समजून लांब राहावे आणि सर्पमित्राला बोलवावे. मण्यारीच्या दंशाच्या जागी पुष्कळदा सूज नसते आणि दुखतही नाही, त्यामुळे काही झाले नाही असे वाटून लोक झोपून जातात. दंशाची नुसती शंका असली तरी थेट दवाखाना गाठावा.

उजेडाविषयी माझ्यापुरते सांगायचे तर मी ४५०० केल्विन आणि सीआरआय ९० च्या वरची बॅटरी वापरतो. या मधल्या छटेत तपकिरीही टिकतो आणि निळी झाकही.

कातळकडा यांचा प्रतिसाद

१०,००० ल्युमेनचा उल्लेख वाचून हसू आले, कारण माझ्याही पहिल्या बॅटरीवर हेच छापलेले होते. हिशेब सोपा आहे. अशा बॅटरीत बहुधा १८६५० आकाराचा एक सेल असतो. तो चांगल्या प्रतीचा, ३००० मिलिअँपिअर-तासांचा धरला तरी त्यात सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा मावते. एका वॅटला १०० ल्युमेन मिळतात असे धरले तर १०,००० ल्युमेनसाठी १०० वॅट लागतील, म्हणजे सेल सहा-सात मिनिटांत संपेल आणि त्याआधी हातातली नळी चटका देईल. आपली बॅटरी तासन् तास चालत असेल तर ती काहीशे ल्युमेनची आहे, आणि शिवारात तेवढे पुष्कळ झाले.

जास्त सीआरआयसाठी थोडा उजेड सोडावा लागतो, ही गोष्ट मात्र खरी आहे. ल्युमेन हे माप डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेले आहे, आणि ६५० नॅनोमीटरच्या लाल उजेडाला डोळा ५५५ च्या हिरवट पिवळ्या उजेडाच्या एक दशांश इतकाच प्रतिसाद देतो. लाल अंश वाढवण्यासाठी खर्च केलेली वीज ल्युमेनच्या खात्यात फारशी जमा होत नाही, म्हणून तेवढ्याच विजेत ९० वाली एलईडी ७० वालीपेक्षा ढोबळमानाने पाचव्या-चौथ्या हिश्शाने कमी ल्युमेन देते. कागदावर हा फरक मोठा दिसतो, पण डोळा उजेडाचा फरक सरळ रेषेत मोजत नाही. शेजारी शेजारी धरल्याशिवाय एवढा फरक सहसा कळत नाही. दुकानदार ल्युमेनचा आकडा मोठा छापतो आणि सीआरआय गाळतो त्याचे कारण हेच.

चांगल्या एलईडींची नावेच हवी असतील तर निचिया कंपनीची २१९बी आणि ५१९ए, तसेच ल्युमिनसची एसएसटी-२० ही ४००० केल्विनची ९५ सीआरआयवाली एलईडी, या हौशी लोकांच्या आवडत्या आहेत. मात्र एसएसटी-२० चे थंड छटेतले कमी सीआरआयवाले प्रकारही मिळतात, तेव्हा नुसत्या नावावर न जाता प्रकार तपासून घ्यावा.

आणखी एक बारकावा केल्विनच्या आकड्यात दिसत नाही. एकाच रंगतापमानाचा उजेड हिरवटही असू शकतो आणि गुलाबीसरही. आदर्श छटेपासून उजेड किती ढळला ते मोजणाऱ्या आकड्याला डीयूव्ही म्हणतात. तो धन असला की हिरवट, ऋण असला की गुलाबीसर. पुष्कळ एलईडी मंद उजेडावर ठेवल्या की अधिक हिरवट होतात, त्यामुळे दुकानात पूर्ण उजेडावर चांगली वाटलेली बॅटरी घरी मंद उजेडावर आजारी वाटू शकते. हिरवट उजेडात माणसाचा चेहरा पाहिला की माझे म्हणणे लगेच पटेल.

केल्विनचे आकडे वाचताना मनात आणखी एक हिशेब ठेवावा. २७०० आणि ३००० यांतला फरक डोळ्याला सहज कळतो, ६००० आणि ६३०० यांतला जवळजवळ कळत नाही, जरी दोन्हीकडे अंतर ३०० चेच असले. दहा लाखांना केल्विनच्या आकड्याने भागून वजाबाकी केली की खरे अंतर मिळते: पहिल्या जोडीत ते ३७ येते, दुसऱ्या जोडीत फक्त ८. म्हणून ६५०० ऐवजी ६००० ची बॅटरी घेऊन काही बदल होईल, अशी आशा धरू नये.

घरची परीक्षा सांगतो. रात्री खोलीतले सर्व दिवे बंद करून एका पांढऱ्या ताटलीत चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, एक गुळाचा खडा आणि शेजारी एखादा भाजलेल्या कॉफीचा दाणा ठेवावा, आणि वीतभर अंतरावरून बॅटरी भिंतीवर नव्हे तर ताटलीवर मारावी. वाईट एलईडीत हळद हिरवट लिंबासारखी, कुंकू विटकरी आणि गुळाचा खडा मातीच्या ढेकळासारखा दिसतो. चांगल्या एलईडीत कुंकू पेटल्यासारखे दिसते. त्यानंतर तळहात पाहावा. बोटांच्या पेरांची लाली दिसली तर लाल अंश आहे, तळहात पिठूळ दिसला तर नाही.

उसाचा फड यांचा प्रतिसाद

वरील सर्व मान्य करूनही मला ६५०० ची बाजू मांडावीशी वाटते. अंधारात डोळा निळ्या-हिरव्या उजेडाला जास्त संवेदनशील होतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मी रात्री रानडुकरांवर लक्ष ठेवायला जातो. मला डुकराचा रंग पाहायचा नसतो, ते फडाच्या कोणत्या कडेला आहे तेवढे पाहायचे असते, आणि त्यासाठी थंड पांढऱ्या उजेडाची लांब झोत टाकणारी बॅटरीच कामाला येते. शिवाय आमच्याकडे थंडीत पहाटे धुके असते. धुक्यात पिवळा उजेड बरा असे सगळे म्हणतात, तेही तपासून पाहायला हवे.

डायोड यांचा प्रतिसाद

आपले म्हणणे लांबच्या अंतरासाठी योग्य आहे. उजेड अगदी मंद असतो तेव्हा डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात, त्यांची सर्वाधिक संवेदना ५०७ नॅनोमीटरला असते आणि त्यांना रंग कळत नाहीत. फडाच्या टोकाला पोहोचलेला उजेड इतका विरळ असतो की तिथे सीआरआय ९५ असला काय आणि ७० असला काय, डुक्कर काळेच दिसणार. मात्र पायाखालच्या दोन-तीन मीटरच्या वर्तुळात उजेड भरपूर असतो, तिथे रंग पाहणाऱ्या शंकुपेशी जाग्या असतात, आणि साप, वायर, काटा दिसायला हवा तो याच वर्तुळात. कामे दोन आहेत, म्हणून मी स्वतः दोन बॅटऱ्या बाळगतो.

धुक्याचे उत्तर रंगात नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीच्या मानाने फार मोठे असतात, त्यामुळे ते निळा आणि पिवळा उजेड जवळजवळ सारखाच विखुरतात. त्रास होतो तो विखुरलेला उजेड सरळ डोळ्यांकडे परतल्यामुळे. डोक्यावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, म्हणून धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते. तोच दिवा काढून कमरेपाशी धरला की भिंत विरते.

शिवारपाणी यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वीज येण्याआधी ताटलीची परीक्षा घेतली. घरात कॉफी नसल्याने चिंचोका ठेवला. माझ्या बॅटरीत कुंकू सुकलेल्या रक्ताच्या डागासारखे आणि चिंचोका काळा दिसला. भावाच्या दिव्यात चिंचोक्याच्या तपकिरी सालीवरची चकाकीसुद्धा वेगळी ओळखू आली. वडिलांच्या बॅटरीत जुनेच सेल होते, त्यामुळे उजेड निखाऱ्यासारखा आला. तिच्यात कुंकू सुंदर दिसले, पण आईच्या गडद निळ्या लुगड्याचा काठ आणि छत्रीचे काळे कापड शेजारी धरले तर मला, भावाला आणि आईलाही फरक सांगता आला नाही. रानवाट यांनी मण्यारीबद्दल लिहिलेले तिथे पटले.

आता ४५०० केल्विन, सीआरआय ९५ असे छापलेली एक बॅटरी मागवली आहे. आल्यावर ती आधी ताटलीवर आणि नंतर स्टार्टरच्या पेटीवर मारून पाहीन आणि इथे लिहीन. बाजारातली बॅटरी उसाचा फड म्हणतात तशी लांबच्या बांधासाठी ठेवतो. तोपर्यंत पेटीतल्या तपकिरी वायरीला दोन्ही टोकांना पांढऱ्या चिकटपट्टीचा एकेक वेढा मारून ठेवला आहे, म्हणजे कोणत्याही उजेडात ती कळेल.